खिशातल्या मोबाइलपासून सुरुवात : जिल्हा परिषद शाळेतल्या शिक्षकासाठी डिजिटल अध्यापन, पायरी-पायरीने

गावात लोकवर्गणी झाली, एलईडी टीव्ही आला, सरपंचांच्या हस्ते फीत कापली गेली, दर्शनी भिंतीवर ‘डिजिटल शाळा’ असं रंगवलं गेलं. आणि दोन वर्षांनी तो टीव्ही कापडाखाली झाकलेला, खोलीला कुलूप. अशी एखादी शाळा आपल्यापैकी बहुतेकांच्या पाहण्यात असेल. यात शिक्षकाचा आळस शोधणं सोपं आहे, पण मला ते अन्यायाचं वाटतं. द्विशिक्षकी शाळेतल्या गुरुजींकडे किंवा बाईंकडे दोन-तीन इयत्ता एकत्र असतात, शालेय पोषण आहाराच्या नोंदी असतात, यू-डायस प्लसची (शाळांच्या सरकारी ऑनलाइन नोंदीची) माहिती भरायची असते. त्यात हा टीव्ही नेमका कोणत्या पाठासाठी आणला, हे आणताना कोणी ठरवलेलंच नसतं. यंत्र आधी येतं आणि त्याची गरज मागाहून शोधावी लागते.

म्हणून या लेखात क्रम उलटा ठेवला आहे. आधी पाठ, मग साधन. आणि तेही एका सत्राला एकच साधन.

अडलेला पाठ शोधा

सोलापूर जिल्ह्यातल्या माढा तालुक्यातलं परितेवाडी हे गाव आता सगळ्यांना ठाऊक आहे. तिथल्या जिल्हा परिषद शाळेतले शिक्षक रणजितसिंह डिसले यांना डिसेंबर २०२० मध्ये ग्लोबल टीचर प्राइज मिळालं आणि त्या १० लाख डॉलरपैकी निम्मी रक्कम त्यांनी अंतिम फेरीतल्या इतर नऊ शिक्षकांना वाटून दिली. बातम्यांमध्ये क्यूआर कोडचं कौतुक झालं. मला त्याआधीची गोष्ट जास्त मोलाची वाटते. त्या शाळेतल्या मुलींची घरची भाषा कन्नड आणि हातातलं पुस्तक वेगळ्या भाषेतलं, ही अडचण त्यांनी आधी ओळखली. ते भाषा शिकले, मजकूर मुलींच्या भाषेत आणला आणि मग कविता, व्हिडिओ, स्वाध्याय पुस्तकातूनच पोचावेत म्हणून क्यूआर कोड आला. अडचण नेमकी माहीत होती, म्हणून साधन टिकलं.

तुम्हीही वही घ्या आणि गेल्या वर्षीचं टाचण (पाठाच्या तयारीची टिपणं) काढा. कोणत्या घटकावर मुलं दरवर्षी अडतात? आकारिक (सत्र चालू असताना घेतल्या जाणाऱ्या) चाचणीत कोणता प्रश्न निम्म्याहून जास्त मुलांचा चुकतो? असे तीन-चार घटक लिहा आणि प्रत्येकापुढे अडण्याचं कारण लिहा. मुलांनी ती गोष्ट कधी पाहिलेलीच नाही (समुद्राची भरती, हृदयाची झडप), ती गोष्ट हलते आणि फळ्यावर हलत नाही (ग्रहण, विद्युत परिपथ), मुलांना सराव कमी पडतो, की कोण कुठे चुकतंय हे मला वेळेवर कळत नाही? कारण वेगळं तसं साधन वेगळं. पहिल्या अडचणीला चांगला फोटो पुरतो. दुसरीला हलतं चित्र लागतं. तिसरीला बहुतेक वेळा वही-पेन्सिलच उत्तम. चौथीला मोबाइलचा उपयोग सगळ्यात जास्त होतो आणि नेमका तिथेच तो सगळ्यात कमी केला जातो.

या यादीतला एकच घटक निवडा. बाकीचे पुढच्या सत्रात.

हाताशी काय आहे ते तपासा

नवीन काही मागवण्याआधी शाळेत काय आहे ते एकदा चालू करून बघा. शिक्षकाचा मोबाइल तर असतोच. टीव्ही असेल तर त्याच्या मागच्या बाजूला एचडीएमआय आणि यूएसबीची खाच आहे का पाहा. यूएसबीत पेन ड्राइव्ह लावला की बहुतेक टीव्ही एमपी-फोर व्हिडिओ आणि जेपीजी फोटो दाखवतात. साधा टीव्ही पीडीएफ किंवा वेबपान मात्र उघडत नाही, त्यासाठी लॅपटॉप लागतो किंवा मोबाइलचा पडदा टीव्हीवर घ्यावा लागतो. टीव्ही स्मार्ट असेल तर हे वायफायवरून, वायरीशिवाय जमतं. वायर घ्यायची असेल तर एक काळजी घ्या. टाइप-सी खाच असलेला प्रत्येक मोबाइल त्या वायरीतून चित्र बाहेर देत नाही. दुकानात आपलाच मोबाइल लावून चित्र आलं, तरच पैसे द्या.

प्रोजेक्टर की टीव्ही, हा प्रश्न पालक सभेत हमखास निघतो. आपल्या वर्गांना दोन्ही बाजूंनी खिडक्या असतात, पडदे नसतात आणि दुपारच्या उजेडात स्वस्तातल्या प्रोजेक्टरचं चित्र फिकं पडतं. तीस-पस्तीस मुलांच्या वर्गासाठी मी टीव्हीच म्हणेन. तो मुलांच्या डोळ्यांच्या उंचीपेक्षा थोडा वर लावा आणि खिडकीसमोर लावू नका, काचेवर उजेड चमकतो. लावल्यावर स्वतः सगळ्यात मागे, मुलं बसतात तसं जमिनीवर बसून बघा. तिथून अक्षर वाचता येत नसेल तर ते मुलांसाठी नाहीच.

आवाजाकडे फार दुर्लक्ष होतं. पत्र्याच्या वर्गात टीव्हीचा आवाज घुमतो आणि पाऊस सुरू झाला की काहीच ऐकू येत नाही. छोटा स्पीकर मुलांच्या मधोमध ठेवला की फरक पडतो. तेही शक्य नसेल तर व्हिडिओ मूक ठेवा आणि तुम्ही बोला. शिक्षकाच्या तोंडून आपल्या बोलीत आलेलं निवेदन मुलांना जास्त कळतं, हे एकदा करून पाहण्यासारखं आहे.

राहिली वीज. ती जाणार, हे धरूनच नियोजन करा. टाचणात ‘वीज नसल्यास’ अशी एक ओळ लिहायची सवय लावा. आणि वीजबिल थकून जोडणी तुटली असेल, तर टीव्हीच्या आधी तो विषय शाळा व्यवस्थापन समितीपुढे आणि ग्रामपंचायतीपुढे मांडा. शाळेला खर्चासाठी मिळणाऱ्या संयुक्त शाळा अनुदानातून काय करता येईल हे मुख्याध्यापकांशी बसून ठरवा.

साहित्य जमवा आणि ते ऑफलाइन ठेवा

वर्गात उभं राहून यूट्यूबवर शोधत बसणं हा सगळ्यात मोठा वेळखाऊ प्रकार. रेंज जाते, मध्येच जाहिरात येते, व्हिडिओ संपला की पुढे भलतंच काही सुरू होतं आणि तोवर वर्ग हातातून गेलेला असतो. शाळेत येण्याआधीच साहित्य मोबाइलमध्ये असलं पाहिजे.

पहिली जागा म्हणजे दीक्षा अॅप. हे केंद्र सरकारचं व्यासपीठ २०१७ मध्ये सुरू झालं. बालभारतीच्या पुस्तकातला क्यूआर कोड या अॅपमधून स्कॅन केला की त्या पाठाला जोडलेलं साहित्य उघडतं. कोड पुसट झाला असेल तर त्याच्याखाली छापलेली सहा अक्षरं-अंक टाइप करूनही तिथे पोचता येतं. आवडलेलं साहित्य अॅपमध्येच डाउनलोड करा, मग ते इंटरनेटशिवाय चालतं. सगळं साहित्य एका दर्जाचं नाही. त्यामुळे पूर्ण पाहिल्याशिवाय वर्गात लावू नका, आणि बारा मिनिटांच्या व्हिडिओतली तीन मिनिटं कामाची असतील तर तेवढीच दाखवा.

गणित-विज्ञानासाठी माझी पहिली पसंती आहे ‘फेट’ (PhET) सिम्युलेशन्सना, म्हणजे पडद्यावर आपण स्वतः बदल करून परिणाम बघू शकतो अशा हलत्या प्रतिकृतींना. भौतिकशास्त्राचे नोबेलविजेते कार्ल वीमन यांनी २००२ मध्ये अमेरिकेतल्या कोलोरॅडो विद्यापीठात हा प्रकल्प सुरू केला. सिम्युलेशन्स मोफत आहेत, बरीचशी मराठीतही आहेत, आणि त्यांची फाइल उतरवून घेतली की साध्या ब्राउझरमध्ये इंटरनेटशिवाय चालतात. व्हिडिओपेक्षा हे मला मोलाचं वाटतं. व्हिडिओत मूल नुसतं बघतं. इथे ते म्हणतं, “सर, बॅटरी उलटी लावून बघू”, आणि आपण लगेच ती उलटी लावून दाखवू शकतो. भूमितीसाठी जिओजेब्रा हे आकृत्या काढून हलवता येणारं अॅप याच कारणासाठी चांगलं आहे.

सगळं साहित्य इयत्ता, विषय, पाठाचा क्रमांक अशा नावांच्या फोल्डरमध्ये ठेवा आणि त्याची एक प्रत पेन ड्राइव्हवर घ्या. मोबाइल बदलला, हरवला, की वर्षभराची मेहनत जाते.

मराठी टायपिंगचा प्रश्न इथेच सोडवून टाका. श्री-लिपी किंवा कृतिदेवमध्ये टाइप केलेली प्रश्नपत्रिका दुसऱ्याच्या मोबाइलवर नुसत्या खुणा होऊन उघडते, कारण ते जुने फॉन्ट युनिकोड (कोणत्याही यंत्रावर अक्षरं तीच उमटावीत अशी पद्धत) नाहीत. यापुढे जे लिहाल ते युनिकोडमध्येच लिहा. संगणकावर इन्स्क्रिप्ट कळफलक शिकायला थोडे दिवस लागतात, पण तो विंडोजमध्ये आधीपासून असतो आणि पुढे आयुष्यभर पुरतो. मोबाइलवर गूगलचा कळफलक लावून बोलून टाइप करता येतं. त्यात जोडाक्षरं आणि विरामचिन्हं मात्र नंतर नीट तपासावी लागतात.

एक तासिका : अपूर्णांक

आता हे सगळं प्रत्यक्ष वर्गात कसं दिसतं ते बघू. घटक नेहमीचा, मुलांना छळणारा : १/३ मोठा की १/४? चौथी-पाचवीतली बरीच मुलं ठामपणे १/४ म्हणतात, कारण चार हा तीनपेक्षा मोठा. नियम पाठ करून घेतला (‘अंश समान असेल तर छेद लहान तो अपूर्णांक मोठा’) तर चाचणीपुरतं उत्तर बरोबर येतं आणि महिन्याभराने पुन्हा तीच चूक.

सुरुवात कागदाने करा. प्रत्येक मुलाला सारख्या लांबीच्या दोन पट्ट्या. एकीच्या घडी घालून चार सारखे भाग, दुसरीचे तीन. तीन भागांची घडी मुलांना जड जाते, जाऊ द्या. त्या धडपडीतच भाग सारखे असायला हवेत, हे हाताला कळतं. यात दहा मिनिटं जातील. इथे टीव्ही बंदच ठेवा. चालू असला की नजरा तिकडेच वळतात.

मग प्रश्न विचारा आणि प्रत्येकाला आपलं उत्तर वहीत लिहायला लावा, बोलायचं नाही. ही पायरी गाळू नका. उत्तर लिहिलं की मूल त्याला बांधील होतं आणि पुढे पडद्यावर काय दिसणार याची त्याला उत्सुकता लागते. नुसतं दाखवलं तर सगळीच मुलं म्हणतात, “मला माहीतच होतं.”

आता फेटचं अपूर्णांकांवरचं सिम्युलेशन उघडा. त्यात वर्तुळ, पट्टी, भांडं, संख्यारेषा असे पर्याय आहेत आणि अंश-छेद बाणांनी वाढवता-कमी करता येतात. पट्टी घ्या, अंश १ ठेवा, छेद २ करा. मग ३. मग ४. प्रत्येक वेळी थांबा आणि पुढचा तुकडा मोठा होईल की लहान ते विचारा. छेद ८ पर्यंत जाईस्तोवर वर्गातून आपसूक आवाज येतो, “लहान होतोय!” मग एखाद्या मुलाला पुढे बोलवा आणि मोबाइल त्याच्या हातात द्या. नेहमी पुढे येणाऱ्या मुलाला नको, ज्याने वहीत चुकीचं उत्तर लिहिलं असेल त्याला द्या. मग संख्यारेषेवर तेच दोन अपूर्णांक दाखवा.

पडद्याचं काम दहा मिनिटांत संपलं पाहिजे. टीव्ही बंद करा. उरलेल्या वेळात मुलं जोडीने बसून वहीत नवी उदाहरणं सोडवतील आणि पहिल्या उत्तराखाली एक वाक्य लिहितील : माझं उत्तर बदललं का, आणि का? ही वाक्यं संध्याकाळी वाचा. त्यातून उद्याचं टाचण तयार होतं.

बहुवर्ग शाळेत (एकाच खोलीत अनेक इयत्ता) हीच तासिका घेताना तिसरीच्या मुलांना टीव्हीकडे पाठ करून, पण तुमच्याकडे तोंड करून बसवा आणि त्यांना लेखनकाम द्या. दोन इयत्तांना एकाच वेळी पडदा दाखवायचा मोह टाळलेला बरा.

वीज गेली तर? कागदाच्या पट्ट्या आहेतच. फळ्यावर सारख्या लांबीच्या पट्ट्या आखून तेच प्रश्न विचारा. थोडा वेळ जास्त जाईल एवढंच.

कोणाला कळलं, हे लगेच जाणून घ्या

“कळलं का?” विचारलं की सगळा वर्ग एका सुरात “हो” म्हणतो. त्यावर विसंबून पुढे जाणं किती महागात पडतं, हे शिक्षकाला सांगायला नको. यासाठी प्लिकर्स नावाचं साधन आपल्या शाळांना फार सोयीचं आहे, कारण मुलांकडे काहीच यंत्र लागत नाही. प्रत्येक मुलाला चौकटीचं चित्र असलेलं एक छापील कार्ड मिळतं. कार्डाच्या चार बाजू म्हणजे चार पर्याय. जे उत्तर वाटतं ती बाजू वर धरून मूल कार्ड उंच करतं. तुम्ही मोबाइलचा कॅमेरा वर्गावरून फिरवता आणि कोणी काय उत्तर दिलं हे पडद्यावर दिसतं. प्रत्येक कार्डावरचं चित्र वेगळं असल्यामुळे शेजाऱ्याचं बघून काही कळत नाही.

तयारी अशी. आधी वर्गाची यादी भरा, पूर्ण नावाऐवजी हजेरी क्रमांक टाका. कार्डं जाड कागदावर छापा. चकचकीत लॅमिनेशन करू नका, उजेड परावर्तित होऊन कॅमेऱ्याला चित्र वाचता येत नाही. मुलांना बोटं चित्रावर न ठेवता कडेला धरायला शिकवा. पहिल्या दिवशी ‘आज डब्यात काय आणलं?’ असे प्रश्न घेऊन सवय करा. इंटरनेट लागतं, तेव्हा वर्गातल्या कोणत्या कोपऱ्यात रेंज येते ते आधी बघून ठेवा.

एका वेळी तीन-चार प्रश्न पुरेत. चुकीचे पर्याय मात्र विचारपूर्वक लिहा. मुलं खरोखर ज्या चुका करतात त्याच पर्यायांत हव्यात, म्हणजे चुकलेलं उत्तर बघून गैरसमज कुठला ते ओळखता येईल. निकाल आल्यावर चुकलेल्यांची नावं वाचू नका. जोडीदाराशी दोन मिनिटं बोलायला सांगून तोच प्रश्न पुन्हा विचारा.

वाचनासाठी याहूनही सोपी युक्ती आहे आणि तिला इंटरनेटही लागत नाही. महिन्यातून एकदा प्रत्येक मुलाचं एक मिनिटाचं प्रकट वाचन मोबाइलवर रेकॉर्ड करून ठेवा. जूनमधलं आणि नोव्हेंबरमधलं रेकॉर्डिंग मुलालाच ऐकवा, पालक सभेत त्याच्या आईला ऐकवा. निपुण भारत या वाचन-गणिताच्या पायाभूत कौशल्यांच्या सरकारी अभियानाच्या तक्त्यातली खूण पालकांना फारसं काही सांगत नाही. आपलं लेकरू अडखळण्याचं थांबलं, हे मात्र कानाला लगेच कळतं.

घरचा मोबाइल

मार्च २०२० मध्ये शाळा बंद झाल्या आणि व्हॉट्सअॅपवर अभ्यास पाठवणं सुरू झालं, तेव्हाच एक गोष्ट स्पष्ट झाली. घरात मोबाइल असणं आणि तो मुलाच्या हाती असणं या वेगळ्या गोष्टी आहेत. तो वडिलांबरोबर शेतावर किंवा कामावर जातो, रात्री येतो तेव्हा मूल झोपलेलं असतं. ऊसतोडीला गेलेल्या कुटुंबांचं तर आणखी अवघड. म्हणून ज्या गृहपाठाला मोबाइल लागतो तो सक्तीचा करू नका, त्यावर गुण देऊ नका.

पालकांचा गट असेल तर तो सूचनांपुरता ठेवा आणि फक्त शिक्षकांनाच लिहिता येईल अशी मांडणी करा. नाहीतर सुप्रभातच्या चित्रांत सूचना हरवते. ज्यांना वाचता येत नाही अशा पालकांसाठी सूचना बोलून पाठवा, त्यांच्या बोलीत, अर्ध्या मिनिटात.

मुलांची माहिती सांभाळा

डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा २०२३ मध्ये झाला. त्यानुसार अठरा वर्षांखालची व्यक्ती म्हणजे मूल, आणि मुलाची माहिती वापरण्यासाठी पालकांची पडताळता येणारी संमती लागते. वर्गात याचा अर्थ सरळ आहे : कोणत्याही अॅपमध्ये मुलांची पूर्ण नावं, जन्मतारखा, आधार क्रमांक भरू नका. उपक्रमाचे फोटो समाजमाध्यमांवर टाकायची घाई करू नका, टाकायचे असतील तर वर्षाच्या सुरुवातीला लेखी संमती घ्या आणि नाही म्हणणाऱ्या पालकाचं मूल फोटोत येणार नाही याची काळजी घ्या. रडणारं, चुकलेलं, मार्क कमी पडलेलं मूल तर कधीच टाकू नका.

आणि मोबाइलचा पडदा टीव्हीवर घेण्याआधी सूचना बंद करा. घरचा खासगी निरोप वर्गासमोर उमटायला नको.

एआयकडून काय घ्यावं

चॅटजीपीटी किंवा जेमिनीकडून तयार पाठ घेऊ नका. सराव प्रश्न, एकाच गोष्टीच्या सोप्या-अवघड आवृत्त्या, शब्दचक्रं, गणितातली शाब्दिक उदाहरणं यांचा कच्चा मसुदा मात्र जरूर घ्या. मागताना इयत्ता, घटक, गावाचा परिसर आणि मुलांची नेहमीची चूक सांगा. ‘अपूर्णांकाची दहा उदाहरणं’ मागितली की पिझ्झाची येतात, ‘भाकरी आणि शेताच्या वाफ्यांची’ म्हटलं की कामाची येतात. मग प्रत्येक उत्तर स्वतः सोडवून बघा. आकडेमोड चुकलेली असू शकते, शुद्धलेखन चुकलेलं असतं, आणि स्थानिक इतिहासात तर ही साधनं बिनधास्त खोटी माहिती देतात. मुलांचं नाव आणि अडचण एकत्र तिथे लिहू नका.

एकट्याने करू नका, आणि सत्राअखेरी हिशेब करा

दर महिन्याच्या शिक्षण परिषदेत (आसपासच्या शाळांतल्या शिक्षकांच्या बैठकीत) केंद्रप्रमुखांकडे, म्हणजे त्या शाळांवर देखरेख करणाऱ्या अधिकाऱ्यांकडे, पंधरा मिनिटं मागून घ्या. अॅपची ओळख करून द्यायला नको, एक पाठ दाखवा : अडचण काय होती, काय केलं, मुलांच्या वहीत काय उमटलं. शेजारच्या शाळेतल्या बाईंनी तोच पाठ आपल्या वर्गात घेतला की दोघींना मिळून तो सुधारता येतो. मोठ्या प्रशिक्षणात जे डोक्यावरून जातं ते असं दोघी-तिघींच्या बोलण्यात जमून जातं. ज्येष्ठ शिक्षकांना मोबाइल शिकवायला जाऊ नका. त्यांना विचारा, हा घटक तुम्ही इतकी वर्षं कसा शिकवलात? त्यांच्या उत्तरातूनच चांगला डिजिटल पाठ तयार होतो, आणि मग तो चालवून बघायला ते स्वतःहून पुढे येतात.

सत्र संपताना निवडलेल्या घटकावर गेल्या वर्षीचीच चाचणी पुन्हा घ्या. चुकणारी मुलं कमी झाली असतील तर तो पाठ फोल्डरमध्ये पक्का करा, टाचण जोडा, आणि यादीतला दुसरा घटक घ्या. फरक पडला नसेल, किंवा पडला पण तयारीला रोजचे दोन तास जात असतील, तर ते साधन सोडून द्या. टीव्ही किती तास चालला याची नोंद कोणी मागितलीच तर ती द्या, पण त्याच्या शेजारी चाचणीचे आकडेही लिहा.